पाच ऑगस्टचा कागद

कागद आपल्या नेहमीच्या ए-फोरपेक्षा जरासा लहान आहे. उंची सुमारे १९ सेंटिमीटर, रुंदी साडेअठ्ठावीस. त्यावर तपकिरी शाईत एक देखावा काढलेला आहे. डाव्या हाताला डोंगराच्या सोंडेवर तटबंदीचा, बुरुजांचा एक छोटा किल्ला. उजव्या हाताला कातळाचा तुटलेला कडा आणि त्यातून खाली डोहात पडणारा धबधबा. या दोहोंच्या मधल्या फटीतून नजर एकदम मोकळी सुटते आणि दूरवर पसरलेल्या पाणथळ मैदानात जाऊन पोचते. मैदानापलीकडे डोंगर आहेत, त्यांच्यामागे आणखी पुसट डोंगर. वरच्या डाव्या कोपऱ्यात दोन ओळी खरडल्या आहेत. अक्षरं उलटी, उजवीकडून डावीकडे गेलेली. आरसा धरला की त्या वाचता येतात: हिमाच्या सान्ता मारियाचा दिवस, ५ ऑगस्ट १४७३.

लिओनार्दो दा विंचीचं तारीख घातलेलं सर्वांत जुनं उपलब्ध काम ते हेच. तेव्हा तो २१ वर्षांचा होता. ‘मोनालिसा’ तीस वर्षं पुढे होती. हा कागद आज फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात रेखाचित्रांच्या विभागात ‘८ पी’ या क्रमांकाखाली ठेवलेला आहे. जुनी शाई आणि जुना कागद दोघांनाही उजेड सोसत नाही, त्यामुळे तो बहुतेक काळ कपाटातच असतो. फ्लॉरेन्सला जाऊन आलेल्या लाखो लोकांपैकी फार थोड्यांनी तो प्रत्यक्ष पाहिलेला असेल.

कलेच्या इतिहासाच्या पुस्तकांत याच्यापुढे एक बिरुद लागलेलं असतं: पाश्चात्त्य कलेतलं पहिलं स्वतंत्र निसर्गचित्र. बिरुदं जपून वापरावीत. चीनमध्ये फान क्वानसारखे चित्रकार याच्या चारशेहून अधिक वर्षं आधी डोंगर आणि धबधबे हाच चित्राचा विषय मानत होते. युरोपातही सिएना शहराच्या नगरसभेच्या भिंतीवर आंब्रोज्यो लोरेंझेत्तीने १३३८-३९ मध्ये शहराबाहेरची शेतं, वाटा, टेकड्या असा लांबच लांब मुलूख रंगवून ठेवला होता. कोनराड विट्झने १४४४ मध्ये येशूच्या मासेमारीचं चित्र काढताना मागे चक्क जिनिव्हाचं सरोवर आणि आल्प्सची ओळखू येणारी शिखरं घातली होती. तेव्हा डोंगर-नद्या चित्रात आधीपासून होत्याच. फक्त त्या कुणाच्या तरी मागे उभ्या असत. पुढे संत, राजे, कुमारी माता, आणि मागे उरलेल्या जागेत निसर्ग. १४७३ च्या कागदावर पुढचं माणूस निघून गेलेलं आहे. बिरुदातलं ‘पहिलं’ बाजूला ठेवलं तरी हा फरक उरतोच.

त्या काळच्या फ्लॉरेन्समध्ये हा फरक सगळ्यांना पटलेला नव्हता. लिओनार्दोच्या चित्रकलेवरच्या टिपणांत सान्द्रो बोत्तिचेल्लीचा एक किस्सा आहे. बोत्तिचेल्लीचं म्हणणं, निसर्गाचा अभ्यास वाया जातो. निरनिराळ्या रंगांत बुडवलेला स्पंज भिंतीवर फेकला तरी त्या डागात एखादा देखावा दिसतोच. लिओनार्दोने यातलं अर्धं मान्य केलं. डागांत माणसं, लढाया, ढग, काहीही दिसू शकतं, आणि कल्पना सुचायला ते बरंही असतं. पण सुचलेली गोष्ट पुरी कशी करायची हे डाग शिकवत नाही, असं तो बजावतो. शेवटी एक टोमणाही आहे: असं म्हणणाऱ्या त्या चित्रकाराने फारच सुमार निसर्ग रंगवला. दोघे एकमेकांना चांगले ओळखत होते.

लिओनार्दो तेव्हा आंद्रेआ देल वेरोक्क्योच्या कारखान्यात होता. कारखानाच म्हणायला हवं, कारण तिथे चित्रांबरोबर पुतळे, थडगी, चिलखतं, घंटा असं सगळं घडत असे. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या घुमटावर बसवलेला तांब्याचा प्रचंड गोळा याच कारखान्यातून १४७१ मध्ये वर चढला. म्हातारपणी एका वहीत लिओनार्दोला त्या गोळ्याचे सांधे कसे जोडले होते याची आठवण होते, इतकं ते मनात रुतलेलं होतं. १४७२ मध्ये त्याचं नाव चित्रकारांच्या सेंट ल्यूक मंडळात लागलं, म्हणजे कागदोपत्री तो स्वतंत्र झाला. प्रत्यक्षात तो वेरोक्क्योकडेच काम करत राहिला. गुरूच्या ‘येशूचा बाप्तिस्मा’ या चित्रातला डावीकडचा देवदूत आणि त्याच्यामागचा धूसर नदीकाठ लिओनार्दोच्या हातचा मानतात. शहरात दुसरीकडे पोल्लायुओलो बंधू सेंट सेबास्टियनच्या भल्यामोठ्या चित्रात मागे आर्नो नदीचं खोरं रंगवत होते. ते चित्र १४७५ मध्ये पुरं झालं. त्यामुळे आर्नोचं खोरं चित्रात आणण्याची कल्पना हवेत होतीच. सेबास्टियनला गाळून टाकायची कल्पना मात्र नव्हती.

मला या कागदावर सर्वांत विलक्षण वाटते ती तारीख. त्या काळी रेखाचित्रावर तारीख घालायची पद्धत नव्हती. कारखान्यातली रेखाटनं म्हणजे कच्चा माल. ती दहा हातांतून फिरायची, नकलली जायची, फाटायची आणि टाकून दिली जायची. त्यावर दिवस लिहून ठेवायचं कुणाला काय कारण? इथे तर नुसती तारीख नाही. आधी सणाचं नाव, मग दिनांक, मग साल. दस्तऐवजाच्या माथ्यावर लिहावी तशी.

इथे लिओनार्दोच्या घराकडे पाहावं लागतं. दा विंची घराणं नोटऱ्यांचं. वडील सेर पिएरो फ्लॉरेन्समध्ये नोटरी होते आणि त्यांचा चांगला जम बसला होता. नावापुढचं ‘सेर’ हे त्या व्यवसायाचंच मानाचं बिरुद. आजोबा आंतोनियोने तो धंदा केला नाही, तो विंची गावात राहून शेती-जमीन पाहत असे. पण सवय रक्तातच होती. १४५२ मध्ये नातू झाला तेव्हा त्याने घरातल्या एका जुन्या नोटरी-वहीच्या शेवटच्या पानावर नोंद केली: १५ एप्रिल, शनिवार, रात्रीचा तिसरा तास, मुलाचं नाव लिओनार्दो, बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचं नाव, आणि हजर असलेल्या दहा जणांची नावं. साक्षीदारांसकट पक्की नोंद. तिच्यात एकच नाव नाही, मुलाच्या आईचं. तिचं नाव कॅतेरिना होतं हे पाच वर्षांनी आजोबांनी सरकारदरबारी भरलेल्या करपत्रकावरून कळतं. तिथे घरातल्या खाणाऱ्या तोंडांच्या यादीत पाच वर्षांचा लिओनार्दो आहे, सेर पिएरोचा अनौरस मुलगा म्हणून. कॅतेरिनाचं तोवर दुसऱ्याच माणसाशी लग्न झालं होतं. त्याच पत्रकात धाकटा काका फ्रान्चेस्को याच्याबद्दल आजोबांनी लिहिलं आहे की तो गावाकडे असतो आणि काही करत नाही. हा काही न करणारा काका पुढे या गोष्टीत महत्त्वाचा ठरतो.

अनौरस असल्यामुळे लिओनार्दोला नोटरी होता येणार नव्हतं. त्या व्यवसायाच्या संघात अशा मुलांना प्रवेश नसे. लॅटिनचं रीतसर शिक्षणही त्याला मिळालं नाही. चित्रकाराच्या कारखान्यात तो गेला याचं एक कारण हे. पण माणूस घराणं सोडून कुठे जातो? आयुष्यभर तो नोंदी करत राहिला. १५०४ मध्ये वडील वारले तेव्हा त्याने लिहून ठेवलं: ९ जुलै, बुधवार, सातव्या तासाला माझे वडील सेर पिएरो दा विंची, नोटरी, मरण पावले, सातव्या तासाला, वय ८०, मागे दहा मुलगे, दोन मुली. तास दोनदा लिहिला आहे. वयही चुकलं आहे, पिएरो ऐंशीचे नव्हते. आणि ९ जुलैला त्या वर्षी बुधवार नव्हता, मंगळवार होता. त्या दोनदा आलेल्या तासावरून सिग्मंड फ्रॉइडने १९१० मध्ये लिओनार्दोच्या मनाबद्दल बरंच काही बांधलं. त्याच्यामागे न जाताही एवढं दिसतं की या माणसाला काही गंभीर घडलं की तारीख आणि वेळ लिहावीशी वाटे. मग प्रश्न असा, की १४७३ सालच्या त्या गुरुवारी असं काय घडलं होतं?

एक सोपं उत्तर सणात शोधलं जातं. रोममधली आख्यायिका अशी, की चौथ्या शतकात पोप लिबेरियसच्या काळी ऐन ऑगस्टच्या उन्हाळ्यात एस्क्विलिन टेकडीवर रात्रीतून बर्फ पडलं आणि त्या जागी मेरीचं देऊळ बांधावं असा कौल मिळाला. आज तिथे सान्ता मारिया माज्जोरे हे मोठं चर्च आहे, आणि ५ ऑगस्टला त्याच्या छतातून पांढऱ्या पाकळ्या उधळतात. हा सण इटलीभर होता. विंचीच्या उत्तरेला मोंतेवेत्तोलिनी नावाचं टेकडीवरचं गाव आहे, आणि त्याच्याजवळ हिमाच्या मेरीचं एक लहानसं प्रार्थनाघर आहे. झालं, दुवा सापडला. तरुण लिओनार्दो सुटीला घरी आला, जत्रेच्या दिवशी टेकडीवर गेला, समोर जे दिसलं ते त्याने काढलं.

या कल्पनेने गेली कित्येक वर्षं लोकांना डोंगर चढायला लावलं आहे. विंची हे फ्लॉरेन्सच्या पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर, मोन्ताल्बानो नावाच्या डोंगररांगेच्या उतारावरचं गाव. ऑलिव्ह, द्राक्षं, झरे, ओढ्यांवरच्या गिरण्या. रांगेच्या पश्चिमेला फुचेक्क्योची मोठी दलदल पसरलेली आहे, आणि तिच्या कडेला मोन्सुम्मानोची शंकूसारखी टेकडी एकटीच वर आलेली आहे. चित्राच्या मधल्या भागात तशी एक टेकडी दिसते. चित्रातलं मैदान फुचेक्क्योच्या बाजूचं वाटतं. किल्ला मोंतेवेत्तोलिनीचा असं कुणी म्हणतं, कुणी लार्च्यानोचा, कुणी पापियानोचा. प्रत्येक मताला नकाशा आहे, छायाचित्रं आहेत आणि चिकाटीचे समर्थक आहेत.

अडचण एकच. एका जागी उभं राहून हा किल्ला, ही टेकडी, हा धबधबा आणि हे मैदान या मांडणीत दिसेल, असं सगळ्यांना पटणारं ठिकाण कुणालाही दाखवता आलेलं नाही. टेकडी जुळली की किल्ला सरकतो. किल्ला जुळवला की धबधब्याला जागा उरत नाही. शिवाय पाहणाऱ्याचा डोळा या चित्रात फार उंचावर आहे. पायांखाली जमीनच नाही, समोर एकदम खोली सुरू होते. आपल्याकडचे चित्रकार ज्याला स्पॉटवर बसून केलेलं काम म्हणतात, ते हे असेल का, अशी शंका यायला एवढं पुरेसं आहे.

२०१९ मध्ये लिओनार्दोच्या मृत्यूला ५०० वर्षं झाली. त्या निमित्ताने हा कागद फ्लॉरेन्समधल्या ‘ओपिफिचिओ देल्ले पिएत्रे दुरे’ या संवर्धन संस्थेच्या प्रयोगशाळेत तपासला गेला आणि मग विंची गावातल्या प्रदर्शनात मांडला गेला. तपासणीत जे दिसलं ते या वादात उपयोगी आहे. शाईच्या छटा दोन आहेत, आणि काम टप्प्याटप्प्याने झालेलं आहे. म्हणजे एका दुपारी समोर पाहिलं आणि काढून मोकळं झालं, असं हे नव्हे. कुठेतरी आधी हलकी आखणी झाली, मग शाई, मग पुन्हा शाई. काही घरी बसूनही झालं असेल.

माझ्या मते जागा शोधणाऱ्यांनी तारखेवर जरा जास्तच विश्वास टाकला. दिवस नक्की आहे म्हणून जागाही नक्की असली पाहिजे, असं ते धरून चालले. लिओनार्दोने घरच्या मुलखातल्या ओळखीच्या गोष्टी घेतल्या, लहानपणापासून ज्या पाहून तोंडपाठ झाल्या होत्या त्या, आणि त्या आपल्याला हव्या तशा लावल्या. त्याच्या पुढच्या चित्रांत हेच होतं. ‘मोनालिसा’च्या खांद्यामागचा पूल आणि ती वळणं घेणारी वाट शोधत आजही लोक टस्कनीत हिंडतात, आणि दर काही वर्षांनी एखादं गाव आपणच ते म्हणून पुढे येतं.

मग कागदावर खरं काय आहे? ते पाहायचं तर चित्र एका हाताच्या अंतरावर आणावं लागतं.

उजवीकडची झाडं घ्या. एकही पान काढलेलं नाही. पिसाच्या टाकाने भराभर मारलेल्या, एकमेकींना समांतर, थोड्या वाकड्या रेघा, एवढंच. मागच्या फांद्यांवर रेघा विरळ, पुढच्यांवर दाट. त्यामुळे झाडाचा घेर कळतो आणि त्यातून वारा गेल्यासारखा वाटतो. कातळावर याच रेघा वेगळ्या वागतात. तिथे त्या दगडाच्या थरांबरोबर तिरप्या होतात, फटींपाशी तुटतात आणि पुन्हा सुरू होतात. धबधब्यात त्या उभ्या आणि जवळजवळ सरळ आहेत, मधे कोरा कागद सोडलेला. तोच पाण्याचा पांढरा. पाणी डोहात पडल्यावर रेघा वाकतात आणि कडेकडेने पसरत जातात. पुढे मैदानात त्या आडव्या-तिरप्या होऊन शेतांचे बांध आणि चर बनतात आणि दूर एका ठिकाणी मिळत जातात. यथार्थदर्शनाचा धडा वेरोक्क्योकडे पक्का झालेला दिसतो. अगदी मागच्या डोंगरांना नुसती एकेक बारीक, तुटक कड आहे. टाक तोच, दाब कमी. अंतर वाढलं की हवा मधे येते आणि वस्तू पुसट होतात, हे पुढे तो पानंच्या पानं समजावून सांगणार होता. इथे ते हाताने आधीच करून टाकलं आहे.

या सगळ्या रेघांचं एक वैशिष्ट्य असं, की त्या वस्तूंच्या आकाराहून वस्तूंचं काय चाललं आहे हे जास्त दाखवतात. पाणी पडतं आहे. दगड झिजतो आहे. झाड हलतं आहे. हवा दाट होते आहे. डावीकडचा किल्ला चित्रातली त्यामानाने सर्वांत निर्जीव गोष्ट आहे. बुरुज आणि भिंती व्यवस्थित आहेत, पण तिथे हात रमलेला दिसत नाही. नेमका किल्ला कोणता हे ठरवण्यात लोकांनी इतकी शाई खर्च केली, आणि खुद्द काढणाऱ्याला त्यात फारसा रस नसावा! पाण्यात मात्र तो थांबला. आयुष्याच्या शेवटी, साठी उलटल्यावर, त्याने प्रलयाची जी रेखाटनं केली, ज्यांत पाण्याचे लोळ गावांवर कोसळतात आणि भोवरे डोंगर गिळतात, त्या भोवऱ्यांचं मूळ या लहानशा डोहात शोधता येतं. इंग्लंडच्या विंडसर राजवाड्यातल्या संग्रहात ती आहेत. चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांचं अंतर, पण पाण्याकडे पाहण्याची रीत तीच.

कागद उलटला की आणखी एक गोष्ट दिसते. कागद महाग, म्हणून मागची बाजूही वापरलेली आहे. तिथे दुसरं एक अर्धवट निसर्गरेखाटन आहे, ओढ्यावरचा पूल, एक नग्न धावणारा माणूस, एक डोकं. आणि एक ओळ, या वेळी डावीकडून उजवीकडे, सरळ अक्षरात. संवर्धन संस्थेच्या अभ्यासकांनी पुढच्या उलट्या आणि मागच्या सरळ ओळींची तुलना करून सांगितलं की दोन्ही लिओनार्दोच्याच आहेत. डाव्या हाताचा म्हणून प्रसिद्ध असलेला हा माणूस लागेल तेव्हा उजव्या हातानेही लिहायचा. ती ओळ अर्धवट आहे. एका वाचनानुसार तिचा अर्थ ‘मी, आंतोनियोचा मोरान्दो, याला राजी आहे’ असा होतो. करारपत्रात संमती देणारा माणूस लिहितो तशी ही भाषा, आणि ती बहुधा टाकाचं टोक तपासताना सहज उमटली. दुसरं वाचन जास्त गोड आहे: आंतोनियोकडे राहतो आहे आणि सुखात आहे. आजोबा तोवर हयात नव्हते, पण कॅतेरिनाच्या नवऱ्याचं नावही आंतोनियोच. म्हणजे मुलगा उन्हाळ्यात आईकडे राहायला आला होता, असा अर्थ काढता येतो, आणि काढणाऱ्यांनी तो काढलाही आहे. मला तो मोह होतो, तरीही पहिलं वाचन पटतं. नोटऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलाच्या हातातून, टाक चालतो का हे पाहताना, करारातलंच एखादं वाक्य बाहेर पडणं स्वाभाविक आहे.

चित्रातल्या त्या दलदलीबद्दल थोडं. फुचेक्क्योचं ‘पादूले’ हा आजही इटलीतला समुद्रापासून आत असलेला सर्वांत मोठा पाणथळ प्रदेश आहे. वरवर तो रानटी, आदिम वाटतो, पण लिओनार्दोच्या काळातही तो निव्वळ निसर्ग नव्हता. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सच्या राज्यकर्त्यांनी तिथून बाहेर जाणारं पाणी अडवलं आणि मासेमारीसाठी तळं फुगवलं. नंतरची तीनशे वर्षं एकाने ते उपसून जमीन करायची आणि दुसऱ्याने पुन्हा बांध घालून पाणी साठवायचं, अशी ओढाताण चालली. त्यात मलेरिया होता, मासे होते, जमिनीचे भाव होते, आणि अर्थात फ्लॉरेन्सचं सत्ताधारी मेदिची घराणं होतं. इटलीत या नावाला एक काळी बाजूही आहे: २३ ऑगस्ट १९४४ रोजी जर्मन सैन्याने या दलदलीच्या परिसरात १७४ नागरिकांना ठार केलं, त्यांत बायका-मुलं होती.

तीस वर्षांनी लिओनार्दो पुन्हा या प्रदेशाकडे वळला, या वेळी सरकारी कामासाठी. १५०३ मध्ये फ्लॉरेन्सचं पिसाशी युद्ध चाललं होतं. पिसा समुद्राजवळ, आर्नोच्या मुखाशी. नदीच वळवली तर शहराचं नाक दाबता येईल, ही कल्पना उचलून धरणाऱ्यांत निकोलो मॅकियाव्हेली होता, आणि सल्ला द्यायला लिओनार्दो. १५०४ च्या ऑगस्टमध्ये खोदाई सुरू झाली. मजूर अपुरे पडले, चर उथळ राहिले, पावसाने बांध वाहून गेले आणि ऑक्टोबरपर्यंत काम गुंडाळलं. याच सुमारास त्याच्या डोक्यात दुसरी, शांततेच्या काळातली योजना होती: फ्लॉरेन्सपासून समुद्रापर्यंत जहाजं जातील असा कालवा. आर्नो तिच्या नैसर्गिक वाटेने नाव चालायला निरुपयोगी, म्हणून कालवा वरच्या अंगाने न्यायचा: प्रातो, पिस्तोया, मग सेर्राव्हाल्लेची खिंड कापून फुचेक्क्योच्या दलदलीत, आणि तिथून पुन्हा नदीत. यासाठी केलेले त्याचे नकाशे विंडसरला आहेत. मोन्ताल्बानोची सगळी रांग त्यांत आकाशातून पाहिल्यासारखी उतरली आहे. १४७३ मध्ये त्याचा डोळा डोंगरावरून थोडा वर गेला होता, इथे तो सरळ वर चढला आहे, आणि ओढ्यानाल्यांना आता मापं आहेत. कालवा कधी झाला नाही. चारशेहून अधिक वर्षांनी, १९२० च्या दशकात, फ्लॉरेन्सपासून समुद्राकडे मोटाररस्ता बांधायचा ठरला तेव्हा अभियंत्यांनी जवळपास तीच दिशा धरली: प्रातो, पिस्तोया, सेर्राव्हाल्ले. आज त्याला ‘ए-११’ म्हणतात.

आणि तो काही न करणारा काका? फ्रान्चेस्को विंचीतच राहिला. वयाने तो पुतण्यापेक्षा सोळाएक वर्षांनी मोठा. गावातल्या रानावनाची, ओढ्यांची पहिली ओळख लिओनार्दोला त्याच्यामुळे झाली असावी असं चरित्रकार धरतात, आणि ते धरायला हरकत नाही, कारण वडील फ्लॉरेन्समध्ये असत. पिएरो १५०४ मध्ये वारले तेव्हा लिओनार्दोच्या वाट्याला काहीच आलं नाही. सगळं औरस मुलांकडे गेलं. फ्रान्चेस्कोला मूलबाळ नव्हतं. त्याने मृत्युपत्र केलं आणि विंचीकडची आपली जमीन लिओनार्दोला दिली. १५०७ मध्ये तो गेल्यावर सावत्र भावांनी त्या मृत्युपत्राला आव्हान दिलं. त्यांच्यातला एक स्वतः नोटरी होता.

लिओनार्दो तेव्हा मिलानमध्ये फ्रेंचांच्या पदरी होता. दाव्यासाठी त्याला फ्लॉरेन्सला यावं लागलं. फ्रान्सचा राजा बारावा लुई याने फ्लॉरेन्सच्या राज्यकर्त्यांना पत्र लिहून हा दावा लवकर निकालात काढा अशी शिफारस केली. लिओनार्दोने स्वतः फेर्राराच्या कार्डिनल इप्पोलितो द’एस्ते यांच्याकडेही शब्द टाकायला विनंती केली. १८ सप्टेंबर १५०७ ची तारीख घातलेलं ते पत्र मोदेनाच्या दप्तरखान्यात आहे. शेवटी तडजोड झाली. १५१९ मध्ये फ्रान्समधल्या आम्ब्वाज इथे त्याने मृत्युपत्र केलं. वह्या आणि चित्रकलेची अवजारं शिष्य फ्रान्चेस्को मेल्झीला दिली. फ्लॉरेन्समध्ये ठेव म्हणून ठेवलेले ४०० स्कुदी मात्र त्याने त्याच सावत्र भावांच्या नावे केले.